शुक्रवारची मासळी आणि रोजचे ताट

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवळाच्या उभारणीचा, येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि निरनिराळ्या संस्थांचा वृत्तांत अधिकारी लेखकांनी लिहिला आहेच. आम्ही वाचकांस थोड्या आडवाटेने, देवळाच्या दारातून निघून घरच्या चुलीपाशी, नेऊ इच्छितो. शुक्रवारी दुपारी आपल्या आजी-पणजीच्या हंडीत काय शिजत होते, हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु वसई प्रांतातील ख्रिस्ती माणसाचे ताट चार शतकांहून अधिक काळ दोन पंचांगांनी नेमून दिलेले आहे. त्यांपैकी एक समुद्राचे, उधाण आणि भांग यांचे. दुसरे ख्रिस्तसभेचे, उपास आणि सण यांचे. या दोहोंचा मेळ जेथे बसला तेथे मासळी रोजच्या जेवणात रुजली. मांसापेक्षा हलके, गरिबाचे आणि प्रायश्चित्तास योग्य म्हणून जे अन्न नेमले गेले, तेच शरीरास अत्यंत हितकर असल्याचे गेल्या शंभर वर्षांत शास्त्राने दाखविले; आणि नेमक्या त्याच काळात ते आपल्या ताटातून मागे हटत चालले. हा उलटा प्रकार कसा घडला, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ शुभवर्तमानापासून करणे योग्य. प्रभूने आपले पहिले शिष्य निवडले ते गालीलच्या सरोवरात जाळी टाकणाऱ्यांतून. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर हजारोंचा समुदाय तृप्त झाल्याची कथा आपल्या मुलांनाही पाठ असते. पुनरुत्थानानंतर शिष्यांची खात्री पटावी म्हणून त्याने त्यांच्यासमक्ष भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, असे संत लूक सांगतो. आणि संत योहानाच्या शेवटच्या अध्यायात तर किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, शेजारी भाकर आणि जाळ्यात मोजून १५३ मोठे मासे, असे साद्यंत वर्णन आहे. ज्याने ही संख्या लिहून ठेवली तो मासेमाऱ्याच्या घरचाच असला पाहिजे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. आलेले म्हावरे मोजल्याशिवाय कोळ्याला चैन पडत नाही. पुढे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी मासा हे आपले चिन्ह केले, कारण ग्रीक भाषेतील माशाचा वाचक 'इख्थुस' हा शब्द म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे होत.

शुक्रवारचा उपासही तितकाच जुना. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या 'दिदाखे' नामक पुस्तिकेत बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे दिवस म्हणून सांगितले आहेत. मांस वर्ज्य, मग मासळी का चालते, हा प्रश्न आजही धर्मशिक्षणाच्या वर्गात हमखास निघतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने त्याचे उत्तर दिले आहे. त्याच्या मते जमिनीवर वावरणाऱ्या व हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे मांस मनुष्याच्या शरीराशी अधिक मिळतेजुळते, म्हणून ते जिभेस अधिक सुख देते आणि शरीरास अधिक पुष्टी देते. उपासाचा हेतू वासना आवरण्याचा, म्हणून तेवढे वर्ज्य करावे. मासा यातून सुटला. त्या काळच्या वैद्यकास अनुसरून हा युक्तिवाद सुसंगतच होता. मासळीत पुष्टी कमी असते हे त्यातील गृहीत मात्र पुढे टिकले नाही, आणि त्याविषयी आम्ही यथावकाश लिहूच.

या नियमाने युरोपचा समुद्र-व्यापार घडविला. मध्ययुगात प्रायश्चित्तकाळात मांसच नव्हे तर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असे. तेव्हा समुद्रापासून दूर राहणाऱ्या लाखो लोकांनी खायचे काय? खारवलेला हेरिंग आणि नॉर्वेच्या थंड वाऱ्यात वाळविलेला कॉड मासा यांनी ती उणीव भरून काढली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबते न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापर्यंत कॉड धरण्यास जाऊ लागली, आणि 'बाकाल्याव' नावाचा तो खारा सुका मासा पोर्तुगालचे जणू राष्ट्रीय अन्न होऊन बसला. इंग्लंडची गोष्ट याहून मौजेची आहे. तेथे राणी एलिझाबेथच्या राज्यात देश रोमपासून तुटला, लोकांनी शुक्रवारचा नियम पाळणे सैल केले, आणि कोळ्यांचा धंदा बसू लागला. तेव्हा १५६३ साली कायदा करून बुधवार हाही मासळीचा दिवस ठरविण्यात आला. कारण दिले ते नौदलाचे: कोळी टिकले तर खलाशी मिळतील. त्याच कायद्यात असेही कलम होते की, हा नियम आत्म्याच्या तारणासाठी आहे असे जो कोणी उपदेशील त्यास खोट्या बातम्या पसरविणाऱ्याप्रमाणे शिक्षा व्हावी! रोमचा उपास नको, पण उपासाची मासळी हवी, असा तो व्यवहार होता.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढे दोनशे वर्षे, म्हणजे १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला सर करीपर्यंत, हे नगर त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे राहिले. येथील कोळी त्यांच्या कितीतरी आधीपासून समुद्रावर होते. मासे धरणे त्यांना कोणी पोर्तुगीजाने शिकविले नाही. परंतु दोन गोष्टी त्या काळात आल्या. एक म्हणजे बाप्तिस्म्याबरोबर आलेला शुक्रवार. दुसरी म्हणजे मिरची. अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेली ही वस्तू येण्यापूर्वी आपल्या कालवणास तिखटपणा मिरीचा असे, आंबटपणा कोकमाचा किंवा चिंचेचा. आजचे लालभडक कालवण, ज्यास आपण अनादि समजतो, ते सोळाव्या शतकाच्या आधीचे असू शकत नाही. बाटलीत कुटून भरून वर्षभर पुरविला जाणारा आपला मसाला हाही मिरचीच्या आगमनाचाच वारस होय.

येथे एक आनुषंगिक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य लाभले व ज्यांना १८६२ साली संतपद देण्यात आले, त्यांचे आयुष्य जपानात गेले. त्याच काळात पोर्तुगीज धर्मप्रचारक व व्यापारी त्या देशात वावरत होते. पिठात बुडवून तळलेली मासळी व भाजी, जिला जपानी लोक 'टेंपुरा' म्हणतात, ती त्यांच्यापासूनच तेथे गेली असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि तिचे नाव वर्षातून चार वेळा येणाऱ्या उपासांच्या 'क्वात्तुओर तेंपोरा' या लॅटिन नावावरून पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असेल तर कॅथॉलिकांच्या उपासाने जपानलाही एक पक्वान्न दिले असे म्हणावे लागेल.

असो. वसईच्या ख्रिस्ती समाजात वाडीवाला आणि दर्यावर्दी असे दोन मोठे भाग आहेत. एकीकडे कुपारी व वाडवळ यांच्या केळीच्या, पानाच्या, भाजीपाल्याच्या वाड्या. दुसरीकडे पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा आणि खाडीपलीकडे उत्तन येथील कोळीवाडे. उत्तनला तर देऊळच दर्यामातेचे आहे. या दोन भागांना जोडणारा दुवा देवळाइतकाच मासळीची पाटी हाही होता. सकाळी डोकीवर पाटी घेऊन कोळीण वाडीत येई, आणि पैशाच्या जागी पुष्कळदा भात, केळी, वांगी यांवरच सौदा मिटे. त्या देवघेवीतून एक स्वयंपाक जन्मास आला, त्याची थोरवी आम्हांस विशेष वाटते. वांग्यात कोळंबी, कैरीत जवळा, वालात सुका बोंबील, चवळीत सोडे: एकाच हंडीत वाडी आणि दर्या. यात मासळी थोडी आणि भाजी पुष्कळ असे. म्हणून ते अन्न गरिबास परवडे, आणि म्हणूनच ते रोजचे होऊ शकले. आज आहारशास्त्राचे पंडित ज्यास समतोल जेवण म्हणतात, ते आपल्या आज्यांनी वहीत न लिहिता साधले होते.

या सर्वांत बोंबलाचे स्थान वेगळेच. हा मासा मिळतो तो मुख्यतः गुजरात आणि उत्तर कोकणच्या समुद्रात, व तो धरण्याचे साधन म्हणजे डोल. डोल ही भल्या मोठ्या पिशवीसारखी जाळी. ती समुद्रतळाशी घट्ट बांधून ठेवितात आणि भरती-ओहोटीचा ओढा तिच्यात मासळी लोटून देतो. येथे माणूस माशाच्या मागे धावत नाही, पाणी धावते. उधाणाला ओढा जोराचा म्हणून जाळे भरते, भांगाला मंद म्हणून हात रिकामे राहतात. समुद्राचे पंचांग आम्ही वर म्हटले ते हेच. ओल्या बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तो काही तासांतच नासतो. मग त्याला टिकविण्याची युक्ती अशी की, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूच्या वलांडीवर उन्हावाऱ्यात टांगायचे. मीठ लावावे लागत नाही. पाणी उडून जाते आणि राहतो तो कडकडीत मासा, ज्याच्या वजनात सुमारे ६० टक्के प्रथिन असते. युरोपात नॉर्वेच्या कोळ्याने थंडीत कॉड वाळविला, आपल्या कोळणीने उन्हात बोंबील वाळविला. परंतु नॉर्वेच्या त्या माशाचे कौतुक इतिहासाच्या पुस्तकांत झाले आणि आपल्या बोंबलाच्या वाट्यास मात्र वासाची थट्टा आली.

पूर्वी मासळीची समृद्धी किती होती, याचा एक विचित्र पुरावा सतराव्या शतकातील इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात सापडतो. मुंबई बेटावर नारळीच्या मुळाशी खत म्हणून मासळी पुरण्याची चाल होती. ती कुजून हवा बिघडते आणि म्हणून गोरे लोक पटापट मरतात, अशी त्यांची तक्रार होती. मृत्यूचे खरे कारण मलेरियादी रोग हे आज आपण जाणतो. तथापि खाऊन, वाळवून, विकून जी उरे ती झाडास घालावी लागे, एवढी मासळी या किनाऱ्यास लागत होती, हे त्यावरून दिसते.

पोर्तुगीज गेले, मराठे आले, मग इंग्रज, शुक्रवार राहिला. परदेशी धर्मगुरू निघून गेल्यावर देशी धर्मगुरूंनी येथील श्रद्धा जोपासली, आणि स्वयंपाकघरातील नियम तर बायकांच्याच हाती होता, त्यास कोणत्याही तहनाम्याची बाधा झाली नाही. १८६७ साली विरारपासून मुंबईपर्यंत स्थानिक आगगाडी धावू लागली, १८७५ साली कुलाब्यास ससून गोदी उघडली, आणि मासळी गावच्या पाटीतून शहराच्या बाजारात जाण्याचा मार्ग खुला झाला. पिकते तेथे विकत नाही ही म्हण येथे फार लवकर खरी होऊ लागली; पापलेट, सुरमई, रावस ही चांगल्या दराची मासळी गाडीने जाई, आणि बोंबील, मांदेली, जवळा गावास राही. यात गावाचे नुकसान झाले असे वरवर वाटेल. प्रकृतीच्या दृष्टीने ते तसे झाले नाही.

ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या धर्मसंहितेने जुने नियम एकत्र आणले. सात वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास दर शुक्रवारी मांस वर्ज्य; त्याशिवाय राखेचा बुधवार, प्रायश्चित्तकाळातील शनिवार, चार ऋतूंचे उपास आणि मोठ्या सणांच्या आदल्या दिवसांपैकी काही. ठिकठिकाणच्या सवलती सोडल्या तर वर्षातून साठाहून अधिक दिवस होतात. म्हणजे ज्या घरी मांस परवडत होते त्यासही आठवड्यातून किमान एकदा मासळीकडे वळावेच लागे. पोप सहावे पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी नवी व्यवस्था दिली. प्रायश्चित्ताचा भाव कायम ठेवून तिचे स्वरूप ठरविण्याची बरीच मोकळीक धर्माध्यक्षांच्या परिषदांस मिळाली, आणि १९८३ च्या संहितेने ती पुढे चालविली. चौदा वर्षांवरील श्रद्धावंतांसाठी शुक्रवार अद्याप प्रायश्चित्ताचाच दिवस आहे, परंतु मांसत्यागाच्या जागी प्रार्थना वा दानधर्म नेमून देण्यास परिषदांस मुभा आहे. धर्मदृष्ट्या हे योग्यच झाले असे आम्ही मानतो. पापलेट आणि शेवंड खाऊन शुक्रवार पाळणाऱ्या धनिकाचे प्रायश्चित्त ते कसले? परंतु बाजारावर याचा परिणाम तात्काळ झाला. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातील बंदरांवर मासळीचे दर सरासरी १२.५ टक्क्यांनी उतरले, असा हिशोब फ्रेडरिक बेल नामक अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडला. आपल्याकडे असा हिशोब कोणी ठेवला नाही. पण शुक्रवारच्या सक्तीचा आधार सैल झाल्यावर थोड्याच वर्षांत ब्रॉयलर कोंबडी स्वस्त होऊन दारोदार आली, आणि कोळणीची वाट पाहणे अनेक घरांनी सोडून दिले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आता शास्त्राकडे. कॉड माशाच्या यकृताचे तेल मुलांच्या मुडदुसावर गुणकारी आहे हे उत्तर युरोपातील लोक फार पूर्वीपासून जाणत होते. का, ते विसाव्या शतकात कळले. १९१९ साली मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून मुडदूस आहाराच्या उणिवेने होतो व या तेलाने टळतो असे दाखविले, आणि १९२२ च्या सुमारास मॅकॉलम यांनी त्यातील 'ड' जीवनसत्त्व वेगळे ओळखले. १९४० मध्ये नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेल्यावर ते तेल हिंदुस्थानास मिळेनासे झाले. तेव्हा मुंबई, मद्रास व त्रावणकोर येथे आपल्याच समुद्रातील मोरीच्या यकृताचे तेल काढण्यात आले, आणि युद्धकाळातील पुष्कळ मुलांस ते चमच्याने पाजण्यात आले. ज्यांना ते पाजले गेले त्यांपैकी कोणासही त्याची चव विसरता आली असेल असे आम्हांस वाटत नाही.

हृदयरोगाविषयीचे संशोधन त्यानंतरचे. १९७० च्या सुमारास बांग आणि डायरबर्ग या दोन डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडमधील लोकांच्या रक्ताची तपासणी केली आणि समुद्रातील अन्नात असणाऱ्या ओमेगा-३ नामक स्निग्धाम्लांकडे जगाचे लक्ष वेधले. हॉलंडमधील झुटफेन गावच्या ८५२ पुरुषांची वीस वर्षे पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला तो असा की, जे रोज सरासरी ३० ग्रॅम किंवा अधिक मासळी खात, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण मासळी न खाणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होते. तीस ग्रॅम म्हणजे किती? सुमारे एक लहान तुकडा. १९८९ साली वेल्समधील दोन हजारांवर पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांस आठवड्यातून दोनदा तेलकट मासळी खाण्याचा सल्ला दिला, त्यांच्यातील मृत्यू दोन वर्षांत २९ टक्क्यांनी कमी आढळले. वाचकांपासून काही लपवू नये म्हणून हेही सांगतो की, त्याच संशोधकांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात असा लाभ दिसला नाही, आणि तेलाच्या गोळ्यांविषयी तर मतभेद फारच आहेत. यास्तव मासळी हे औषध आहे असे आम्ही म्हणणार नाही. ती अन्न आहे, आणि मांसाच्या, तळणाच्या जागी ती आली तर फायदा आहे. आठवड्यातून दोनदा तरी मासळी खावी, हा सल्ला अमेरिकेच्या हृदयरोगविषयक मुख्य संस्थेने दिलेला आहे. ओमेगा-३ सोडले तरी पचण्यास सुलभ प्रथिन, आयोडीन, 'ब-१२' जीवनसत्त्व, आणि काट्यासकट खाता येणाऱ्या लहान मासळीतील कॅल्शियम ही कोणी नाकारलेली नाहीत. पुष्टी कमी म्हणून उपासास नेमलेल्या अन्नाची ही हकीकत पाहता संत थॉमससुद्धा आज आपले वाक्य थोडे सुधारून लिहिता.

या विषयात तारतम्य सोडून चालत नाही. तेलकट मासळी म्हणजे तेलात तळलेली मासळी नव्हे. शास्त्रज्ञ ज्यास तेलकट म्हणतात ते तारली आणि बांगडा, ज्यांचे तेल त्यांच्याच अंगात असते. आणि अमेरिकेत वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीत भाजलेल्या वा शिजविलेल्या मासळीचा जो लाभ आढळला तो तळलेल्या मासळीचा आढळला नाही. म्हणजे कालवण श्रेष्ठ, तुकडी कधीमधी. दुसरी गोष्ट पाऱ्याची. जपानातील मिनामाटा येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या भयंकर रोगाने जगास हे शिकविले की, समुद्रात सोडलेला पारा मासळीवाटे माणसाच्या मज्जातंतूंत शिरतो. मोठे शिकारी मासे लहान माशांस खाऊन तो अंगात साठवितात. बाळंतिणीस दूध यावे म्हणून मोरी खाऊ घालण्याची आपली जुनी चाल आहे; तिच्यामागील माया खरी, परंतु गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मोरी, तलवार मासा असे मोठे शिकारी मासे टाळावेत असा आजचा सल्ला आहे. सुरमईची एक अमेरिकेतील चुलत जातही त्याच यादीत आहे, म्हणून फार मोठी सुरमईही अशा स्त्रियांनी जपूनच खावी. त्यांनी मासळीच सोडावी असे मात्र कोणी म्हणत नाही. उलट लहान मासळी आठवड्यातून दोन-तीनदा खावी असेच सांगतात. खारवलेला बांगडा रक्तदाब असलेल्यांनी जपून खावा. बोंबील मिठावाचून वाळत असल्याने त्यास हा दोष लागत नाही.

लक्षात घेण्याजोगे हे की, शास्त्राचा कौल पुनःपुन्हा लहान आणि स्वस्त मासळीच्याच बाजूने पडतो. आणि आपण काय केले? हातात पैसा आल्यावर प्रथम बोंबील सोडला, मग मांदेली, मग तारली. पाहुणा आला की पापलेट, आणि पाहुणा नसला की कोंबडी, असा नेम झाला. पापलेटाचा मान इतका वाढला की २०२३ साली महाराष्ट्र शासनाने चंदेरी पापलेटास राज्यमासा ठरविले. परंतु हा मान त्याच्या वाढत्या संख्येबद्दल नव्हे, घटत्या संख्येबद्दल होता. लहान पिले धरली जातात, मोठी यांत्रिक जाळी समुद्र खरवडून नेतात, आणि डोल टाकून पाण्याची वाट पाहणाऱ्या कोळ्याच्या हाती उरते ते उरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्याचा सरकारी नियम आहे. आपल्या वाडवडिलांची नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवण्याची रीत त्याहून कडक होती.

आणखी एक कारण आहे, त्याविषयी आपण मोकळेपणी बोलत नाही: वासाची लाज. मुंबईच्या काही इमारतींत मासळी खाणाऱ्यास घर नाकारले जाते, हे आता गुपित राहिलेले नाही. कचेरीत डबा उघडताना आपली मुले संकोचतात. कोळ्याच्या घरची मुलगी शिकून मोठी झाली याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु आईच्या पाटीविषयी तिला बोलवेनासे व्हावे, हे दुःखाचे आहे. ज्या धर्माचा पहिला पोप जाळी विणीत होता, त्या धर्माच्या लोकांस माशाच्या वासाची लाज वाटण्याचे कारण आम्हांस अद्याप सापडलेले नाही. शिवाय व्यवहाराची बाजूही आहे. वाडीवाल्यांनी मासळी घेणे सोडले तर कोळीण दारी येणे सोडते. ती आली नाही की देवळात एका बाकावर बसणारी दोन माणसे एकमेकांची नावे विसरतात. काही आळ्यांत हे घडलेही आहे.

आपल्या धर्मग्रामातील गृहिणींसाठी म्हणून अखेरीस थोडी कामाची माहिती देतो. पावसाळ्याची बेगमी करण्याची चाल ज्या घरांत टिकून आहे त्यांनी ती सोडू नये, आणि ज्यांनी सोडली त्यांनी येत्या उन्हाळ्यात पापडीच्या शुक्रवारच्या बाजारास एकदा जाऊन पाहावे. चांगला सुका बोंबील फिकट पिवळसर, हातात हलका आणि मोडताना कट्कन आवाज करणारा असतो. काळपट, लवचिक वा उग्र वासाचा असेल तर घेऊ नये. तो वलांडीवर वाळलेला आहे की वाळूवर, हे विकणारणीस बेलाशक विचारावे. वाळूवरचा असेल तर दाताखाली कच लागते. घरी आणल्यावर त्यास आणखी एक दिवस कडक ऊन द्यावे, डोके-शेपूट काढून तुकडे करावेत, आणि कोरड्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवावेत. करताना कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून दोनदा धुवावा. चार बोंबील आणि पाव किलो वांगी किंवा दुधी, एक कांदा, चार आमसुले व चमचाभर बाटलीचा मसाला एवढ्यात चौघांचे कालवण होते. तेल एक चमचा पुरते.